उरलेलं पेट्रोल

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेमला बेतायच्या, दांड्यांचे मोहरीएवढे स्क्रू आवळायचे, नाकावरच्या पट्ट्या बदलायच्या, हे तिचं रोजचं काम. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्या नणंदेनं 'वहिनी, वहिनी' असा घोष लावला. तो इतका चिकटला की शेजारीपाजारी, दुकानाचा मालक, एवढंच काय, वयानं मोठा असलेला थोरला दीरसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागला. बाई कामसू, नीटनेटकी आणि तोंडानं फटकळ. पोटात एक नि ओठात एक असला प्रकार नाही. मनात आलं की बोलून मोकळी. म्हणूनच गेले दोन महिने एक गोष्ट तिच्या पोटातून ओठावर येत नव्हती, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

गोष्ट होती पेट्रोलची.

घरात गाडी एकच. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली, करड्या रंगाची, आता वयात आलेली नव्हे तर वय झालेली. आठवडाभर ती नवऱ्याकडे असायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, हत्यारांची पेटी घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत. शनिवारी वहिनी गाडी घ्यायची आणि सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला न्यायची. पूर्वी एकदा टाकी भरली की पुष्कळ दिवस बघायला लागत नसे. आता शनिवारी चावी फिरवावी, तर काटा तळाशी लोळत पडलेला.

"अरे, परवाच भरलं होतंस ना?" तिनं एकदा विचारलं.

"जुनी गाडी आहे. पिते," नवरा म्हणाला आणि मोजे शोधायला लागला. मोजे पायातच होते.

तिथून घालमेल सुरू झाली. आठवड्यातून दोन दिवस त्याला घरी यायला उशीर व्हायचा, तेही तिच्या ध्यानात आलं. "लिफ्ट अडकली होती," तो म्हणायचा. शहरातल्या सगळ्या लिफ्टांनी मंगळवार आणि गुरुवार आपसांत वाटून घेतल्यासारखं! एकदा त्याच्या बाहीला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटलेला दिसला. लिफ्टच्या खड्ड्यात लाल दोरा कुठून येणार? वहिनीनं तो चिमटीत धरून उजेडात नेला, काचेवरचा ओरखडा पाहावा तसा पाहिला आणि खिडकीतून सोडून दिला. मन चिंती ते वैरी न चिंती. एके दिवशी वाटे, याची नोकरी गेलीय आणि हा दिवसभर गाडी फिरवत बसतो. दुसऱ्या दिवशी वाटे, कुणीतरी आहे. मग शर्ट धुवायला टाकताना ती तो नाकाशी धरी. शर्टाला पेट्रोलचा वास यायचा, दुसरा कसला नाही. तरी चैन पडत नव्हतं. दुकानात एका गिऱ्हाइकाची डावी काच तिनं उजवीकडे बसवली. मालकानं चष्मा स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, भिंत माझ्या अंगावर येतेय."

विचारून टाकायचं, असं ती रोज ठरवायची. पण विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही. म्हणून ती विचारत नव्हती, आणि विचारत नव्हती म्हणून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

त्यात गाडीच्या समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. "तो लागतो अधूनमधून," नवरा म्हणाला. दिवा अधूनमधून लागत नव्हता, लागलेलाच होता. गाडीच्या धुराच्या दाखल्याची मुदतही संपत आली होती. एका शनिवारी त्याला जादा काम निघालं, तो बसनं गेला. सासूबाई म्हणाल्या, "आज गुडघा बरा आहे, मी नाही येत." वहिनीनं चावी उचलली आणि गाडी सरळ छोटीकडे नेली.

छोटी म्हणजे तीच नणंद. शेंडेफळ म्हणून छोटी, एवढंच. अंगानं दाराएवढी, आवाजानं भोंग्याएवढी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात तिचं धूर तपासणीचं केंद्र होतं. त्याआधी काही वर्षं तिनं गॅरेजात काढली होती, त्यामुळे गाडीच्या पोटातलं तिला कळायचं.

"ये वहिनी, ये! आजारी कोण, तू की गाडी?"

"गाडी. तू दाखला दे, मी निघते."

"दाखला काय, फुकट देते. आधी पेशंट तर बघू दे."

छोटीनं मागच्या नळकांड्यात तपासणीची सळई खुपसली, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पडद्याकडे बघून शीळ घातली.

"वहिनी, ही गाडी पेट्रोल पीत नाही गं. ढोसते."

वहिनीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे?"

"म्हणजे पोटात हवं त्याहून जास्त चाललंय. धड न जळता मागनं बाहेर पडतंय. वास नाही येत तुला?"

वास येत होता. महिना होऊन गेला, येत होता. पण वहिनीनं तो नवऱ्याच्या शर्टात हुंगला होता. गाडीत हुंगावा हे तिला सुचलंच नव्हतं.

छोटीनं स्टिअरिंगखालच्या खोबणीत हातातलं छोटं यंत्र जोडलं. त्यावर एक आकडा उमटला. "ऑक्सिजन सेन्सर म्हणतंय," ती म्हणाली. "पण लगेच नको विश्वास ठेवायला. तक्रार आली म्हणजे चोर सापडला असं नसतं. ज्यानं तक्रार केली त्याचीही चौकशी करायची."

"सेन्सर म्हणजे काय, ते आधी सांग."

"नाक गं. इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्याच्या वाटेवर बसवलेलं नाक. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय, कमी उरला तर पेट्रोल जास्त होतंय. त्यावरून कॉम्प्युटर हात आखडता घेतो नाहीतर सैल सोडतो. हे बघ." तिनं यंत्राचा पडदा वहिनीपुढे धरला. एक रेष तळाशी सपाट पडून होती, झोपलेल्या माणसासारखी. "ही रेष सारखी वरखाली नाचायला हवी. आमच्या धंद्यात शांतता वाईट. ही एकसारखी सांगतेय, पेट्रोल कमी आहे, कमी आहे. जेवून उठलेल्या पोरानं 'भूक, भूक' करावं तसं. कॉम्प्युटर बिचारा वाढतोच आहे. आणि माझं धुराचं यंत्र सांगतंय, पेट्रोल जास्त आहे. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

'खोटं' या शब्दासरशी वहिनीनं मान दुसरीकडे वळवली.

मग चौकशी झाली. कधीकधी नळीला चीर असते, तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि नाक उगीचच फसतं. म्हणून इंजिन गार होऊ दिल्यावर छोटीनं सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारलं, गाडी चालू केली आणि मागचं तोंड फडक्यानं दाबून धरायला वहिनीला बसवलं. कुठेही बुडबुडा आला नाही. मग तिनं मीटर लावून वायरी तपासल्या, त्या धड होत्या. शेवटी तिनं हवेच्या वाटेनं आत पेट्रोलसारखा जळणारा थोडा स्प्रे मारला. इंजिन घुसमटल्यासारखं धडधडलं. "आता तरी रेष उठायला हवी," छोटी म्हणाली. रेष ढिम्म.

"मेलं," छोटी म्हणाली. "नाक मेलंय. बदलायला लागेल."

वहिनीला काय वाटलं ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. दोन महिने छातीवर ठेवलेली पाटी कुणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं झालं. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता! जुनी गाडी, पिते. खरंच पीत होती!

"आत्ताच बदलू," ती म्हणाली.

"आत्ता? अगं, गॅरेजला टाक. सोमवारी होईल."

"नाही, आत्ता. तुझ्याकडे पाने आहेत की नाहीत? मी आवळीन. आयुष्यभर स्क्रूच आवळत आलेय."

छोटीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," ती म्हणाली आणि केंद्राचं शटर अर्धं खाली ओढलं.

पलीकडच्या गल्लीत सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदारानं विचारलं, "पुढचा की मागचा?" वहिनी गोंधळली. धुराच्या वाटेवर नाकं दोन असतात हे तिला कुठून माहीत? छोटीनं मागून हाक दिली, "पुढचा! मागचा नुसता साक्षीदार असतो, त्याला कोण विचारतं?" डबीतून निघालेली वस्तू वहिनीच्या अंगठ्याएवढीच होती. टोकाला भोकाभोकांची टोपी आणि मागे वायरींची शेपटी.

"एवढंसं?" वहिनी म्हणाली.

"एवढंसंच असतं. टोपीला बोट लावू नकोस."

काम मात्र एवढंसं नव्हतं. जुना सेन्सर इंजिनाच्या मागच्या अंगाला, उष्णतेच्या पत्र्याआड बसला होता आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तिथंच जडून गेला होता. छोटीचा हात तिथवर जाईना. गेला तर वळेना. वहिनीनं बाह्या वर सारल्या. पत्र्याचे स्क्रू काढले, चाचपडत वायरीचा जोड सोडवला, गंज सुटायचं तेल मारलं. मग दोघी पायरीवर वाट बघत बसल्या. म्हणजे छोटी बसली. वहिनी उभीच होती, गाडीभोवती फेऱ्या घालत.

"बस ना जरा. देवळात आलीस का प्रदक्षिणा घालायला?"

"बसवत नाही गं. तुला काय सांगू, दोन महिने मी कशी काढलीत." आणि वहिनी बोलत सुटली. बांध फुटला म्हणजे पाणी कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. उशीर, लिफ्टा, लाल दोरा, शर्ट हुंगणं, सगळं तिनं सांगून टाकलं. "काय काय मनात आणलं मी! माणूस बिचारा खरं सांगत होता आणि मी त्याला मनातल्या मनात फासावर चढवत होते. आज घरी आला की आधी माफी मागते."

एरवी छोटीनं यावर चार विनोद केले असते. आज ती पान्यावरचा गंज अंगठ्यानं खरवडत बसली.

"चल, पुन्हा बघू," एवढंच ती म्हणाली.

इंजिन थोडा वेळ चालवून तापवून घेतलं होतं. वहिनीनं वायर जाईल अशा खाचेचा पाना सेन्सरवर चढवला, दांडा धरला आणि ओढलं. काही नाही. छोटीनं दांड्याला नळी लावून तो लांब केला. वहिनीनं बंपरला पाय टेकवला आणि दात आवळून जोर लावला. कट्टकन आवाज झाला. दोघींनाही वाटलं, तुटलं. पण तुटलं नव्हतं, सुटलं होतं. फिरवत फिरवत तिनं तो बाहेर काढला. मनगट पत्र्याला लागून भाजलं, त्याची शुद्ध तिला नव्हती. जुन्या सेन्सरच्या टोकावर काजळीचा जाड थर होता.

"बघ की, कसं तोंड काळं करून बसलंय!" वहिनी हसली. "माझा दोन महिन्यांचा घोर हा!"

नवा सेन्सर तिनं आधी बोटांनीच फिरवला, चष्म्याचा स्क्रू धरतात तसा हलका, आटा आट्यात गेला याची खात्री होईपर्यंत. मग पान्यानं आवळला. वायर जोडली, पत्रा लावला. छोटीनं यंत्रातून जुनी तक्रार पुसली आणि दोघी फेरी मारायला निघाल्या. गाडी तापली तशी पडद्यावरची रेष हलली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर. जिवंत.

"आता टाकी पूर्वीसारखी पुरणार!" वहिनी म्हणाली.

"पुरेल की. थोडीफार," छोटी म्हणाली.

"थोडीफार का? निम्मी टाकी उडायची अशीच. निम्म्याहून जास्त."

"अगं, सेन्सर मेला तरी इतकं नाही जात. फार तर तिसरा हिस्सा. त्यापुढे..." आणि छोटी एकदम गप्प झाली. जीभ चावलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही, त्यातून तिचा चेहरा एवढा मोठा.

वहिनीनं गाडी बाजूला घेतली. "त्यापुढे काय?"

"काही नाही."

"उरलेलं पेट्रोल कुठे जातं, छोटे?"

छोटीनं यंत्राची वायर हाताभोवती गुंडाळली. मग तिच्या त्या भोंग्याच्या आवाजाला न शोभेल इतकं हळू म्हणाली, "ते दादालाच विचार, वहिनी. वाईट काही नाही. पण मला नको विचारूस."

वहिनी घरी आली. सासूबाईंना चहा दिला, भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरून ठेवून दिली, कपडे आवरायला गेली, तेही अर्धेच ठेवून खिडकीशी आली. उन्हं कलली तसा नवरा बसमधून उतरताना दिसला. तो आत आला, पेटी ठेवली आणि तिच्या भाजलेल्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं.

"हे काय झालं?"

"गाडीचा सेन्सर बदलला. ऑक्सिजनचा. म्हणून पेट्रोल जात होतं."

एवढंच सांगून ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग सुटका. उघड, स्वच्छ सुटका.

"बघ! मी म्हणत नव्हतो? जुनी गाडी—"

"छोटी म्हणते, त्यात फार तर तिसरा हिस्सा जातो."

तो थांबला. स्टुलावर बसला, बुटाची नाडी सोडू लागला. गाठ सुटेना. बारा मजल्यांची लिफ्ट हलवणाऱ्या माणसाला नाडीची गाठ सुटेना.

"थोरल्याकडे जातो," तो नाडीकडे बघत म्हणाला.

वहिनी खाटेच्या कडेवर टेकली. तिनं काय काय ऐकायची तयारी केली होती, पण हे तिच्या यादीत नव्हतं.

थोरला म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, बापासारखाच शिंपी. सासरे तीन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं सगळं वहिनीनं केलं. कूस बदलणं, भरवणं, पुसणं. थोरला फिरकला नाही. आला तो अगदी शेवटी, आणि आला तसा तासाभरात बापाचं शिवणयंत्र उचलून घेऊन गेला. म्हातारा शेजारच्या खोलीत डोळे मिटून पडला होता. फरशीवरून यंत्र ओढल्याचा आवाज झाला, तसे त्याचे डोळे उघडले आणि दाराकडे लागले. ते वहिनीनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला. त्याच दिवशी, माणसं भरलेल्या घरात, वहिनी थोरल्याला म्हणाली होती, "या घराचा उंबरा तुम्हाला संपला. आणि या घरातल्या कुणी तुमचं नाव जरी काढलं, तरी ते घर माझं नाही."

"त्याची नजर गेलीय," नवरा म्हणाला. "म्हणजे जात चाललीय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. यंत्रावर अंदाजानं शिवतो अजून, पण हातशिलाईची सुई ओवता येत नाही. दोन महिने झाले, मंगळवारी नि गुरुवारी जाऊन सुया ओवून ठेवतो. लाल, पांढरी, काळी. उशीला टोचून ठेवतो ओळीनं. एवढंच."

"आणि मला लिफ्टा सांगतोस!"

"काय सांगू मग? तूच म्हणाली होतीस—"

"मी काय म्हणाले ते मला पाठ आहे!"

त्या संध्याकाळी घरात कुणी फारसं जेवलं नाही. वहिनीला राग आला होता, पण तो नेमका कुणावर, ते ठरेना. दुसरी कुणी बाई निघाली असती तर निदान भांडायला तोंड तरी सापडलं असतं. सुया ओवणाऱ्या नवऱ्याशी कसं भांडायचं?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती नवऱ्याला म्हणाली, "चल. मी चालवते. किती पेट्रोल लागतं तेच बघते एकदा."

थोरला शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. गोदामं संपली, कालव्यावरचा पूल आला, पुढे चढ. पिवळा दिवा विझलेला होता आणि गाडी कुरकुर न करता चढली, याचंही वहिनीला कौतुक वाटलं नाही.

एका दुकानाच्या माथ्यावरची खोली. खिडकीशी ते शिवणयंत्र. थोरला त्याच्यामागे बसला होता. आधीपेक्षा वाळलेला. मान जराशी तिरपी, कडेनं बघायची सवय लागलेल्या माणसाची.

"आलास? आज रविवारी कसा?" मग त्याला दुसरी पावलं ऐकू आली. "बरोबर कोण?"

थोरल्यानं हातातलं कापड खाली ठेवलं.

"वहिनी?"

"हो," वहिनी म्हणाली.

"बसा," तो म्हणाला आणि स्वतःच उभा राहिला.

वहिनी बसली नाही. तिची नजर कामाची नजर होती, ती आपोआप कामाला लागली. "समोरच्या दाराची चौकट सरळ दिसते का?"

"मधे वाकलेली दिसते. आणि मधोमध डाग, काळपट. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं काही होणार नाही."

नाहीच होणार. अशी माणसं दुकानात येत, आणि त्यांना नवा चष्मा विकायचा नसतो हे मालकानं पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. "टेबलाला लावायचं दिव्याचं भिंग मिळतं," ती म्हणाली. "मोठं, थाळीएवढं. सुई नाही ओवता यायची त्यानं, पण शिवण दिसेल. आणून देईन."

थोरला यंत्रावर हात ठेवून म्हणाला, "त्या दिवशी हे नेलं..."

"नका सांगू."

"सांगू द्या. बाबांकडे बघवत नव्हतं मला. म्हणून आलोच नाही. आलो, तर पाय निघेना. काहीतरी हातात घेतल्याशिवाय निघता आलं नसतं."

"हे त्यांना सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाली. "ते जागे होते."

थोरल्याचा हात यंत्रावरून खाली आला. त्याला ते माहीत नव्हतं. ते ठाऊक नसताना तीन वर्षं गेली होती, आणि आता ठाऊक असताना पुढची जायची होती. वहिनीला वाटलं, सांगायला नको होतं. लगेच असंही वाटलं, की का नको? दोन्ही एकाच वेळी वाटलं. ती खुर्ची ओढून बसली, सुयांची उशी पुढ्यात घेतली आणि ओवायला लागली. नवऱ्याला एका सुईला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात तिच्या तीन झाल्या. तो मुकाट्यानं दोरे कापून देऊ लागला.

काम झालं, ती उठली, आणि तेव्हा तिला दाराशेजारच्या खुंटीवर स्वेटर दिसला. तपकिरी, उजव्या कोपराला ठिगळ. ठिगळ तिनंच लावलेलं होतं. सासूबाईंचा हा स्वेटर गेल्या हिवाळ्यात बसमध्ये हरवला होता. निदान घरात तसं सांगितलं गेलं होतं.

परतताना कालव्याच्या पुलापाशी तिनं गाडी थांबवली, उतरली आणि कठड्याच्या कडेनं झपाझप चालायला लागली. शेवटपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. नवरा दार उघडून उभा राहिला.

"आईंना माहीत आहे," ती त्याच्यापुढे थांबून म्हणाली.

"हो."

"छोटीलाही."

"हो."

"म्हणजे सगळ्यांना. एकट्या मला नाही."

"तू म्हणाली होतीस ना, नाव काढलं तर—"

"म्हणाले होते! पण तुम्ही सगळे खरंच ऐकाल असं कुठे वाटलं होतं मला? या घरात एरवी माझं कोण ऐकतं?"

नवऱ्याला हसू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वहिनी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग येत होता.

"एवढी वाईट आहे का मी? मला भिऊन चोरून भेटावं एवढी?"

"वाईट नाहीस," तो म्हणाला. "बाबांचं सगळं तू केलंस. मी कामाचं निमित्त काढून बाहेर राहायचो, छोटी यायची ती दारातूनच जायची. आमच्यापैकी कुणी केलं नाही. मग तुझ्यापुढे थोरल्याची बाजू कुठल्या तोंडानं घ्यायची?"

हे त्यानं यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. वहिनी कठड्याला टेकून उभी राहिली. खाली कालव्यात एक प्लास्टिकची बाटली पुलाच्या खांबाला अडकून गोल गोल फिरत होती. तिला बरं वाटलं की आणखी वाईट, हे तिला कळलं नाही. एवढं मात्र खरं, की पाय आता चालायला मागत नव्हते.

"चल," ती म्हणाली. "तू चालव. माझं मनगट दुखतंय."

घरी सासूबाई पायाखाली उशी घेऊन बसल्या होत्या. दोघं एकत्र आत आलेले बघून त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि नजर पायावर नेली.

"कुठे गेला होतात सकाळी सकाळी?"

वहिनीनं चपला काढल्या. "थोरल्यांकडे. तुमचा स्वेटर तिथंच राहू द्या, आई. खिडकीतून वारं येतं तिथं."

सासूबाईंनी गुडघा दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि खाटेवर जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "मनगट दाखव बघू."

वहिनी बसली.